मठाच्या कपाटातले माझे केस

यंदाच्या आषाढ बहुळ पंचमीला माझ्या डोक्यावरचे बरेचसे केस मठाच्या मालमत्तेत जमा झाले.

हे वाक्य आपण वाचलेलं नाही. असं काही घडलेलं नाही. यावर आमच्या घराचं, गल्लीचं आणि मठाच्या समितीचं एकमत आहे, आणि या तिघांचं एकमत दुसऱ्या कशावरही झाल्याचं मला आठवत नाही. तेव्हा मी सुरुवातीपासून सांगतो, म्हणजे काय काय घडलेलं नाही ते नीट कळेल.

आम्ही कुंभकोणमचे मराठी. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ. माझी बायको मधुमिता पुण्याची आहे आणि आमचं घरचं मराठी ऐकलं की तिला कोणीतरी सनद वाचून दाखवतंय असं वाटतं. म्हणून या हकिगतीत घरच्यांची बोलणी मी तिच्याकडून सुधारून घेतली. जिथे जुनं राहून गेलं असेल तिथे ती हसत होती, असं समजावं.

तर आमच्या गल्लीच्या टोकाला मठ आहे. पंचमीच्या आराधनेला, म्हणजे गुरूंच्या पुण्यतिथीला, मठातला ग्रंथ चांदीच्या पेटीत घालून चार गल्ल्यांतून मिरवतात. पेटी रथात नसते, खांद्यावर नसते. डोक्यावर असते. पेटीखाली रेशमी चुंबळ, चुंबळीखाली आमच्या घरचं डोकं. हा मान आमचा. माझे वडील हयग्रीव राव यांनी तो इतकी वर्षं वाहिला, की चुंबळीला आतून त्यांच्या डोक्याचा आकार आलाय. मग त्यांच्या मानेचे मणके झिजले, डॉक्टरांनी गळ्यात पट्टा घातला, आणि गेल्या वर्षी पेटी माझ्या डोक्यावर आली. माझ्या डोक्यावर ती चुंबळ जरा तिरकी बसते. अप्पांनी ते पाहिलं होतं.

गेल्या वर्षी मधुमिताने गच्चीवरून सगळी मिरवणूक मोबाईलवर टिपली. माहेरी पाठवायला. अत्यंत प्रेमाने. माझं एवढंच म्हणणं आहे की प्रेमाने टिपायचं तर समोरून टिपावं. कारण शेवटी मठाच्या पायरीवर पेटी उचलली जाते, आणि त्या व्हिडिओत पेटी उचलल्यावर खाली आणखी एक चकाकणारी वस्तू दिसते.

यंदा समितीने आमंत्रणाबरोबर तोच व्हिडिओ जातीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला. चेन्नईच्या एका मावशीने विचारलं, "खालची पेटीही चांदीची का?" इथपर्यंत ठीक होतं. माणूस एवढं सोसतो. पण मग माझा चुलत-चुलतभाऊ विष्णुवर्धन याने लिहिलं: "श्रीकरचे केस विरळ होत आहेत. चुंबळीला पकड राहणार नाही. ग्रंथ पडला तर जबाबदार कोण?" खाली नमस्काराचे हात, पुष्कळ.

विष्णुवर्धनच्या डोक्यावर इतके केस आहेत की त्यात कंगवा हरवला तर दिवाळीच्या साफसफाईत सापडेल. त्याचे आजोबा आणि माझे आजोबा सख्खे भाऊ. पेटी थोरल्या घरात आली, म्हणजे आमच्यात, आणि धाकट्या घराने ती गोष्ट दोन पिढ्या हसतमुखाने लक्षात ठेवली.

समितीची बैठक झाली. अध्यक्ष गोपालकृष्ण राव हे नोंदणी कचेरीतून निवृत्त झालेले, त्यामुळे त्यांना कोणतीही गोष्ट ठरावाशिवाय दिसत नाही. ठराव झाला, की आराधनेच्या दिवशी पेटी चढवण्यापूर्वी उमेदवाराच्या डोक्यावर नुसती चुंबळ ठेवावी आणि उमेदवाराने देवासमोर पूर्ण वाकून नमस्कार करावा. चुंबळ पडल्यास मान धाकट्या घराकडे जाईल. कायमचा. या परीक्षेला त्यांनी 'मस्तक-पकड चाचणी' असं नाव दिलं.

अप्पांनी ठराव ऐकला, गळ्यातला पट्टा काढला, त्याची घडी घातली, घडी मोडली आणि पुन्हा गळ्यात घातला. मग म्हणाले, "श्रीकरा, डोई सांभाळ."

त्या दिवशी ते जेवायला बसले आणि ताक न घेता उठले. अप्पा ताक न घेता उठतात तेव्हा आमच्या घरात कोणी मोठ्याने दारही लावत नाही.

पंधरवडाही हातात नव्हता. आता एवढ्यात डोक्यावर केस आणायचे म्हणजे बाहेरून आणावे लागतात. पण माझ्या डोक्याची बातमी समोरच्या घरी पोचली होती. समोर सुंदरेश मामा आणि गोमती मामी राहतात, आमचे तमिळ शेजारी, मामा-मामी फक्त म्हणण्यापुरते. मामा आडुतुरैच्या भात संशोधन केंद्रात नोकरीला होते. निवृत्त झाले, पण पिकाकडे बघायची सवय गेली नाही. त्यांनी मला आपल्या ओसरीवर उन्हात बसवलं, भिंग घेतलं आणि माझ्या टाळूची पाहणी केली.

"माती वाईट नाही," ते म्हणाले. "रोप विरळ आहे. निचरा जास्त. या भागात पुनर्लागवड करायला हवी."

"लागवड कशाला?" गोमती मामी आतून म्हणाल्या. "इंजी लाव, कण्णा. आल्याचा रस. माझ्या आत्याच्या डोक्यावर असा रस चोळला, तर मरेपर्यंत केस होते."

आत्या कितव्या वर्षी गेल्या हे मी विचारलं नाही. तीच माझी पहिली चूक.

खरं तर मी फोनवर आधी कांद्याचा उपाय पाहिला होता. पण आमच्याकडे कांदा चोरूनसुद्धा येत नाही. आजवर आला नाही, डोक्यासाठीही येणार नाही. आलं निदान बाकीचे अकरा महिने येतं. आणि अडचण नेमकी तिथेच होती. चातुर्मासाचा पहिला महिना आमच्याकडे शाकव्रताचा. भाजी नाही, पान नाही, फळ नाही, मूळ नाही. आंबा आणि मिरी चालतात. का चालतात ते विचारायचं नसतं. आलं हे मूळ. तेव्हा महिनाभर आलं हा शब्दसुद्धा आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर चपला काढून उभा असतो.

मी आलं लॅपटॉपच्या पिशवीतून आणलं. मी घरूनच एका कंपनीचं काम करतो. कंपनी नेमकी कुठे आहे हे त्यांनी मला अजून सांगितलेलं नाही, पण पिशवी त्यांनीच दिली. माडीवर मीटिंग चालू असताना मी पिशवीची चेन उघडली आणि खालून, बंद दाराच्या पलीकडून, उकळत्या सारापाशी उभ्या असलेल्या अम्मांचा आवाज आला.

"घरांत आलें कोणी आणलें?"

माझी आई वेदवती. तिचं नाक सरकारने बंदरावर ठेवलं तर देशाचं भलं होईल.

"अम्मा, खायला नाही. डोक्याला लावायला."

"डोई काय शरीराबाहेर अहे?"

मीटिंगमधल्या कोणीतरी मला तो मुद्दा पुन्हा सांगायला सांगितलं. माझा माईक चालू होता.

मधुमिताने माझी बाजू घेतली, पण पुण्याच्या पद्धतीने, म्हणजे माझ्याविरुद्ध पुरावा देऊन. "अम्मा, लावू द्या त्याला. तसंही काही होणार नाही. मी वाचलं, एका प्रयोगात उंदरांना आल्यातला अर्क लावला तर केस वाढायचेच थांबले."

"उंदरांचं गोत्र वेगळं," मी म्हणालो.

"तुझं काम उंदरांपेक्षा अवघड आहे, श्रीकर. त्यांना पेटी नव्हती घ्यायची."

शेवटी अप्पा उठले, अंगावर शेला घेतला आणि मठात शामसुंदराचार्यांकडे निर्णय मागायला गेले. प्रश्न असा: डोक्याला लावलेलं आलं खाल्लेलं धरायचं की नाही? आचार्य पुष्कळ वेळ डोळे मिटून बसले. झोपले असावेत असं अप्पांना वाटलं, तेवढ्यात ते बोलले. बाहेरून लावलेलं ते खाल्लेलं नव्हे. मात्र आलं व्रतस्थाच्या घराचा उंबरा ओलांडून येऊ नये. किसणी, वाटी, फडकं परक्या घरचं असावं. आणि रस भिवईच्या वर राहावा. भिवईखाली उतरला की तो मुखाच्या हद्दीत आला. तोंडात गेला की व्रत मोडलं, आणि व्रत मोडलेल्या डोईवर ग्रंथ चढत नाही.

हा निर्णय दिवेलागणीपर्यंत सगळ्या गल्लीला पाठ झाला. विष्णुवर्धन मला वाटेत भेटला तर माझ्या भिवईकडे बघून हसला.

प्रयोग समोरच्या ओसरीवर सुरू झाले. गोमती मामी आलं किसायच्या, फडक्यातून पिळायच्या आणि माझ्या टाळूवर ओतायच्या. पहिल्या क्षणी काहीच होत नाही. दुसऱ्या क्षणी वाटतं, छान गार आहे. मग कोणीतरी आत तवा ठेवतं. मी ओसरीच्या खांबाला मिठी मारून उभा राहायचो आणि येणारेजाणारे मला वळून बघायचे. साक्कोट्टैहून दूध घालायला येणाऱ्या माणसाने सायकल थांबवून मामींना विचारलं, "यांना कोणी बांधलंय का?"

"जळतंय म्हणजे काम चालू आहे," सुंदरेश मामा म्हणायचे. नंतर जरा विचार करून, "किंवा खत जास्त झालंय."

एका सकाळी व्हायचं ते झालं. रस कपाळावरून सुटला, भिवई ओलांडली, नाकाच्या कडेने वळला आणि मला कळायच्या आत ओठावर आला. आणि माणसाच्या ओठावर काही आलं की जीभ काय करते, हे मी वेगळं सांगायला नको. नेमक्या त्याच वेळी समोरच्या दारात अम्मा रांगोळी घालत होत्या. त्यांचा हात थांबला.

"तिखट लागलें?"

खोटं बोलणं शक्य होतं. पण माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"लागलं."

मला उपास पडला, मठात जाऊन प्रायश्चित्ताची आचमनं झाली, आणि आचार्यांनी निर्णयात दुरुस्ती केली: द्रव्य पातळ नको. थेंब गळेल असं काही डोक्याला लावू नये. ते घट्ट असावं, लावलं तिथेच राहावं. अप्पा घरी येऊन हे सांगताना पहिल्यांदाच घाबरलेले दिसले. पट्ट्यावरून त्यांची हनुवटी हलत होती. "आणखी एक वेळ जालें," ते म्हणाले, "तर मीच समितीला सांगेन, विष्णूला द्या म्हणून. ग्रंथाशी खेळ नको." मग ते पाठ करून उभे राहिले आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले. ते मागच्या वर्षाचं होतं.

तेव्हापासून मला केसांची फारशी पर्वा राहिली नाही. पेटी मला हवी होती असंही नाही. ती जड आहे. पण अप्पांनी ते कॅलेंडर वाचावं असं मला वाटत नव्हतं.

आता घट्ट करायचं कशाने? तांदळाचं पीठ घालून पाहिलं, त्याचे पापुद्रे पडले. पापुद्रा तोंडात जाऊ शकतो. तूप वितळतं. मग गोमती मामी म्हणाल्या, "मला काय विचारत नाही? मी मुरंब्याचा पाक डोळे मिटून करते." त्यांनी आल्याच्या रसात गूळ घालून पाक केला. दोनतारी. कोमट असताना टाळूवर थापला, आणि काय सांगू, थेंब गळाला नाही. तो जागचा हलला नाही. थोड्या वेळाने मामींच्याच न्हाणीघरात गीझरच्या ऊन पाण्याने धुतला की सगळा निघून जायचा. जळजळही कमी वाटायची, कारण गुळाचा वास यायचा आणि माणूस भुकेच्या वेळी दुसरं काही मनात आणत नाही.

आराधनेच्या आदल्या दिवशी मामांनी भिंगातून पाहिलं आणि ते ओरडले. "अंकुर!"

मधुमिता वाकली. "मामा, हे फडक्याचे धागे आहेत."

पण तोवर मामींनी ते ऐकलं होतं. आणि पंचमीच्या सकाळी, दिवस मोठा म्हणून, अंकुरांना बळ म्हणून, त्यांनी पाक जरा पुढे नेला. दोनतारीच्या पुढे काय असतं हे मला ठाऊक नव्हतं. मी घरातला जेवणारा माणूस आहे.

पाक डोक्यावर थापला आणि गल्लीतली वीज गेली. महिन्याची देखभाल, सूचना आठवडाभर आधी आलेली असते, ती कोणी वाचत नाही. गीझर बंद, मोटार बंद, टाकी रिकामी. त्यात गोपालकृष्ण राव धापा टाकत दारात आले: राहुकाळाचा हिशेब चुकला होता, मिरवणूक लवकर काढायची, आत्ताच चला. मी बोळातून आमच्या परसातल्या विहिरीवर धावलो आणि डोक्यावर गार पाण्याच्या कळश्या ओतल्या. पाणी खाली गेलं, पाक वरच राहिला. उलट तो टणक लागू लागला. गोमती मामी मागोमाग धावत आल्या आणि कुंपणावरून ओरडल्या, "अय्यो, गार पाणी नको! पाक जमला का बघायला आम्ही गार पाण्यातच टाकतो!"

"आणि जमला की काय होतं?"

"गोळी होते."

आता मी सोवळ्यात होतो. स्नान झालेलं, ओलं धोतर नेसलेलं. मला कोणी शिवायचं नाही, मी कोणाला शिवायचं नाही. मधुमिता पंचा घेऊन हातभर अंतरावर उभी राहिली आणि कुजबुजली, "श्रीकर, तुझं डोकं वाजतंय." तिने लांबून चमच्याने टकटक केली होती. अम्मांनी चमचा धुवायला टाकला.

मठापर्यंत ऊन होतं. मठात पोचेपर्यंत वरचा थर जरासा मऊ झाला होता, असं मला आता वाटतं.

समिती ओळीने बसली होती. विष्णुवर्धन नवं जरीकाठी धोतर नेसून, न्हाऊन, केस मोकळे सोडून बाजूला उभा होता. हात आधीच अर्धे पुढे. अप्पांनी चुंबळ दोन्ही हातांनी उचलली, माझ्या डोक्यावर ठेवली आणि नेहमीची तिरकी बसते म्हणून जरा दाबली. मी देवासमोर वाकलो. कपाळ जमिनीला टेकलं. चुंबळ पडली नाही. गोपालकृष्ण राव म्हणाले, पुन्हा. मी पुन्हा वाकलो, आणि वाकलेलाच राहून दोन श्लोक म्हटले. चुंबळ जागची हलली नाही. तिला हलता येत नव्हतं.

"पकड उत्तम," गोपालकृष्ण राव म्हणाले. विष्णुवर्धनचे हात खाली गेले. अप्पांनी डोळे पुसले आणि पेटी चढवली.

नादस्वरम् सुरू झालं. पहिली गल्ली पार पडली. दुसऱ्या गल्लीला ऊन थेट माथ्यावर आलं आणि पेटीची चांदी तापली. चांदीने चुंबळ तापवली, चुंबळीने पाक, आणि पाकाने आपल्यातलं आलं सोडलं. एवढे दिवस मामींनी लावलेलं सगळं आलं एका बाजूला ठेवा. हे वेगळं होतं. माझे दोन्ही हात डोक्यावरच्या पेटीला. ओरडायचं नाही, खाजवायचं नाही, धावायचं नाही.

मग मुंग्या आल्या. पेटीवर तुळशीच्या माळा होत्या आणि माळांत मुंग्या होत्या, तांबड्या. त्यांना गूळ लागला. त्यांच्यातल्या कोणी परत जाऊन बाकीच्यांना सांगितलं असणार.

माझे पाय आपोआप हलू लागले. आधी एक, मग दुसरा, मग दोन्ही. तविलचा ढोल वाजवणाऱ्याने माझ्याकडे पाहिलं, त्याला वाटलं मी लय मागतोय. त्याने लय वाढवली. मी वाढवली. मी गिरकी घेतली. पेटी सुताइतकीही ढळली नाही. लोक थांबले. कोणीतरी ओरडलं, "आवेशम्!" म्हणजे माझ्या अंगात आलं. बायकांनी गच्चीवरून फुलं टाकली. एका म्हाताऱ्या गृहस्थाने रस्त्यातच दंडवत घातलं. मी त्यांच्यावरून उडी मारून गेलो, आणि तेही भक्तीतच धरलं गेलं.

तिसऱ्या गल्लीच्या वळणावर थेंब सुटला.

मला तो कळला, कारण जिथून गेला तिथे आग लागत गेली. केसांतून कपाळावर, कपाळावरच्या गंधाच्या कडेने भिवईच्या मधोमध. मधुमिता मोबाईल घेऊन बाजूने चालत होती. "श्रीकर, थेंब!" ती म्हणाली आणि पंचा घेऊन पुढे आली, आणि अम्मा मागून ओरडल्या, "शिवूं नको!" मी सोवळ्यात होतो. तिने शिवलं तरी संपलं, थेंब ओठावर आला तरी संपलं. अप्पांनी पाहिलं. त्यांच्या मागे शामसुंदराचार्यांनी पाहिलं. माझ्या बरोबरीने चालणाऱ्या विष्णुवर्धनने तर केव्हाच पाहिलं होतं. तो माझ्या नाकाकडे क्रिकेटच्या पंचासारखा वाकून बघत होता.

थेंब भिवई ओलांडून आला. मी खालचा ओठ पुढे काढून वर फुंकलं. थेंब थांबला, विचारात पडला आणि नाकाच्या दांडीवरून निघाला. मी फुंकतोय, नाचतोय, डोक्यावर चांदीची पेटी, आणि शेंड्यावर येऊन तो थेंब लोंबू लागला. आता खाली फक्त ओठ. अप्पांचे ओठ हलत होते. ते काय म्हणत होते ते मला ऐकू आलं नाही.

तेवढ्यात एक मुंगी भिवईतून उतरली. तिच्यामागे दुसरी, मग रांग. त्या नाकावरून शिस्तीत खाली गेल्या आणि थेंबाभोवती उभ्या राहिल्या. मी श्वास धरला. थेंब बारीक झाला. आणखी बारीक झाला. मग नव्हताच. एक मुंगी मला जाता जाता चावली, पण तो तिचा हक्क होता.

"मुंगीने घेतला," आचार्य मागून शांतपणे म्हणाले. "मुंगीला व्रत नाही."

मठाच्या पायरीवर पेटी उचलली. ती सुटली, चांदीला चिकटायला फारसं काही नव्हतं. चुंबळ राहिली. लोकांना वाटलं, मी नमस्कार करून काढीन. मी नमस्कार केला. चुंबळ नमस्कारात माझ्याबरोबर होती. आरतीपूर्वी ती आत जायला हवी, ग्रंथाला लागलेली वस्तू बाहेर ठेवत नाहीत. मी म्हणालो, "जरा ऊन पाणी मिळेल का?" मठाच्या स्वयंपाकघरातून उत्तर आलं की ऊन पाणी सगळं भातात गेलं.

"मी काढतो," विष्णुवर्धन म्हणाला. सगळी मिरवणूकभर रिकाम्या राहिलेल्या त्या हातांना शेवटी काम मिळालं. त्याने चुंबळीला दोन्हीकडून धरलं आणि ओढलं.

फणस फोडताना येतो तसा आवाज आला.

चुंबळ त्याच्या हातात होती. आतून केसाळ होती. माझ्या डोक्यावर तिचा गोल उमटला होता, गुळगुळीत, काठाकाठाने उरलेले केस, मधल्या चकाकत्या भागाला आता भरपूर सोबत. मधुमिता पुढे झाली, चुंबळीचा वास घेतला, एक कण बोटावर घेऊन पाहिला आणि म्हणाली, "अरे, हा तर आलेपाक! पुण्यात खोकल्यावर देतात."

मग विष्णुवर्धनला वाचा फुटली. ठरावाप्रमाणे केस हवेत. आता केस नाहीत. पुढच्या वर्षी पकड कुठून आणणार? शिवाय पडलेला केस अशुद्ध. चुंबळ बाटली. मान रद्द करा.

गोपालकृष्ण राव ठरावाचा कागद शोधू लागले. अप्पांनी पट्ट्यावर हात ठेवला. मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही.

"पडलेला केस अशुद्ध," शामसुंदराचार्य म्हणाले. "हा पडलेला नव्हे. ओढलेला आहे. ओढला कोणी, विष्णू?"

विष्णुवर्धनने चुंबळ पटकन खाली ठेवली.

"आणि तिरुपतीला लोक रांग लावून देतात, यांनी नाचून दिले." आचार्यांनी पुन्हा डोळे मिटले. यावेळी सगळ्यांना खात्री होती की ते झोपलेले नाहीत. "चुंबळीत केस आहेत तोवर पकड आहे. पकड आहे तोवर मान थोरल्या घराचा. केस निघाले की पुन्हा चाचणी."

गोपालकृष्ण रावांनी एक अडचण काढली. ग्रंथाच्या कपाटात केस अशी नोंद करता येत नाही. नोंद केली तर वरिष्ठ मठातून विचारणा होईल. म्हणून असं ठरलं, की काहीही घडलेलं नाही. चुंबळ नव्या रेशमात गुंडाळून कपाटात ठेवली. नोंदीत एवढंच आहे: चुंबळ, एक, पूर्वीपेक्षा जड.

घरी आल्यावर न्हाव्याने काठाचे केसही उतरवले, म्हणजे सगळ्या डोक्याला सारखा न्याय मिळाला. अम्मांनी टाळूला खोबरेल लावलं. पुष्कळ वेळ फुंकर घालत बसल्या. अप्पा आले, गळ्यातला पट्टा काढून खुंटीला लावला आणि माझ्या डोक्यावर तळवा ठेवला. मुंजीनंतर पहिल्यांदाच.

"डोई सांभाळलीस," ते म्हणाले. मग तळवा जरा फिरवून, "आतां चुंबळ तिरकी बसणार नाही." आणि जेवताना त्यांनी दोनदा ताक मागून घेतलं.

केस परत येतील, असं सुंदरेश मामा भिंगातून बघून सांगतात. गोमती मामी म्हणतात, इंजी लाव. पण कपाटातले केस माझे होते, आणि मला ते आठवतात. म्हणून अर्ज केला आहे. अप्पांनी तो वाचून, 'नम्र' दोनदा आलंय, एवढंच म्हटलं. मधुमिताने शुद्धलेखन तपासलं. अर्ज असा:

"मा. अध्यक्ष, आराधना समिती, यांस: सविनय निवेदन की, मठाच्या कपाटातील चुंबळीत असलेले अर्जदाराचे केस अर्जदारास परत मिळावेत. मात्र ते परत केल्याने चुंबळीची पकड व अर्जदाराच्या वडिलांचा मान यांस कोणतीही बाधा येऊ नये. केस परत केल्यावरही ते चुंबळीतच आहेत असे धरण्यात यावे. आणि ते परत केल्याचे कोणासही कळू नये, कारण ते गेल्याचेही कोणास माहीत नाही. तरी या नम्र अर्जाचा नम्रपणे विचार होऊन तो लवकरात लवकर मंजूर व्हावा, ही विनंती."